पंखा बंद ठेवून

माय सुपात तूर निवडायला बसली की तिचे डोळे सुपावर नसतात. ती दाराकडे बघत असते, शेजारणीशी बोलत असते, आणि बोटं आपली खडा, किडका दाणा, काडी असं एकेक बाजूला काढत राहतात. तिच्यापासून दोन हातांवर, त्याच सतरंजीवर, मी स्टीलचं ताट पुढ्यात घेऊन बसतो. ताटात शंभर ट्रान्झिस्टर असतात. बीसी ५४७ जातीचे, हरभऱ्याएवढे, काळे, प्रत्येकाला तीन पाय. एकेक उचलायचा, पाय मीटरच्या खाचेत खोवायचे, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, तो वहीत लिहायचा आणि मग थर्मोकोलच्या तुकड्यावर त्याच्या जागी टोचून ठेवायचा. हिंगोलीतल्या आमच्या घरात जेवणानंतरचा तासभर असा जातो.

मायच्या निवडण्याचा अर्थ सरळ आहे. वाईट बाहेर, चांगलं आत. माझ्या ताटात वाईट काहीच नसतं. शंभरच्या शंभर धडधाकट. पण एक २४७ दाखवतो, शेजारचा ३१८, त्याच्या पलीकडचा २९१. हा आकडा म्हणजे आवाज मोठा करण्याची त्याची ताकद: एका पायात एक भाग प्रवाह दिला तर दुसऱ्या पायातून किती भाग वाहू देईल, याचं माप. बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, की 'बी' अक्षराच्या बीसी ५४७ मध्ये हा आकडा २०० ते ४५० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकाच पुडीतले, अंगावर एकच नाव छापलेले, आणि तरी दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. मला त्यातले दोन सारखे हवे असतात. सगळ्यांत दमदार नकोत, फक्त सारखे. ३१८ ला दुसरा ३१८ भेटला की माझं काम झालं. शेजारी ४३० चा कितीही जोरकस असला तरी तो त्याच्या कामाचा नाही. म्हणून माझ्या मनात या कामाचं नाव निवडणं नाही, जुळवणं आहे.

"पंखा कामून बंद केलास रे? जीव चाललाय उकाड्यानं."

हे माय दर दोन दिवसांनी विचारते. ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवे असतात. त्यांच्या दोन पायांमध्ये सुमारे ०.६ व्होल्टचा जो दाब असतो, तो एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो. डिसेंबरच्या रात्री ट्रान्झिस्टर चिमटीत धरून मोजला तर बोटांच्या उबेनं हा दाब खाली सरकताना डोळ्यांना दिसतो. सोडला की हळूहळू पुन्हा चढतो. २ मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण जुळलेल्या जोडीतला एक जण दुसऱ्यापेक्षा एका अंशानं गरम झाला, तर त्याच्यातून सुमारे ८ टक्के जास्त प्रवाह वाहू लागतो. म्हणून मी बोट लावत नाही, चिमट्यानं उचलतो. वारा एकाला लागून दुसऱ्याला लागू नये म्हणून पंखा बंद ठेवतो. एप्रिलमध्ये हे सोपं नसतं. माय अलीकडे पदरानंच वारा घेते, आणि घेताना तोंड भिंतीकडे करून बसते, म्हणजे वाऱ्याची झुळूक माझ्या ताटाकडे येत नाही. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

या नादाची सुरुवात एका घरघरीतून झाली.

आमचं गाव औंढ्याच्या बाजूला. दरवर्षी मारुतीच्या पारासमोर हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस पारायण, काकडा, हरिपाठ, रात्री कीर्तन. मी तेव्हा विशीत होतो आणि २एन३०५५ या दोन जाड, धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरांवर एक ॲम्प्लिफायर बांधला होता. गावानं मोठ्या विश्वासानं तो मंडपात ठेवला. माईक पाराजवळ, ॲम्प्लिफायर शाळेच्या ओट्यावर, आणि मधली लांबलचक तार मंडपाच्या दिव्यांच्या वायरींना खेटून आलेली. पहिल्या रात्री कीर्तनकार महाराज उभे राहिले, त्यांनी डोळे मिटले, आणि कर्ण्यांतून सगळ्या गावावर एक जाड, सलग घरघर पसरली. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर. महाराज बोलायला लागले की ती दबायची, थांबले की वर यायची. कीर्तनात थांबण्याला केवढी किंमत असते! ओवी म्हणून झाल्यावर महाराज जे क्षणभर थांबतात, त्या क्षणातच ऐकणाऱ्याच्या आत काहीतरी उतरतं. माझ्या घरघरीनं नेमके ते सगळे क्षण भरून टाकले. कोणी रागावलं नाही. म्हातारी माणसं पुढे सरकून बसली, एवढंच. मला त्या रात्री झोप आली नाही.

उपाय पुस्तकात होता. माईकपासून एक नाही, दोन तारा आणायच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. महाराजांचा आवाज त्या दोन तारांत उलटसुलट जातो: एकीत चढ असेल तेव्हा दुसरीत उतार. दिव्यांच्या वायरींतली घरघर मात्र दोघींना सारखीच चिकटते. शेवटी दोन्हींची वजाबाकी करायची. सारखं ते सारख्यातून जातं, उरतो तो आवाज. वजाबाकी करायला ७४१ नावाची आठ पायांची चिप आणि भोवती चार रझिस्टर. गावच्या सप्ताहात मी हे दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. घरघर कमी झाली, गेली नाही.

का गेली नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. मी सोनेरी पट्ट्याचे रझिस्टर वापरले होते. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे. असे चार एकत्र आले की वाईटात वाईट परिस्थितीत घरघर फक्त दहाव्या हिश्श्यावर येते. १ टक्क्याचे घेतले तर पन्नासाव्या. आणि ते चार एकमेकांशी ०.१ टक्क्यापर्यंत जुळवले तर पाचशेव्या. वजाबाकी चिप करते, पण ती किती खरी होणार हे त्या चार भावंडांच्या सारखेपणावर ठरतं. आणि ०.१ टक्क्याचे तयार रझिस्टर आमच्याकडच्या दुकानांत मिळायचे नाहीत. मिळायची ती १ टक्क्याच्या शंभर नगांची पुडी. मग त्या पुडीतच शोधायचं. ९.९६, ९.९७, १०.०१, पुन्हा ९.९७. त्या दिवसांत मी पहिल्यांदा ताट घेऊन बसलो.

माझा मीटर स्वस्तातला. तो १०.०१ म्हणतो तेव्हा खरी किंमत ९.९५ असेल किंवा १०.०७. सुरुवातीला याचा मला त्रास व्हायचा. आपण खोट्या मापानं खरं काम करतोय असं वाटायचं. मग बारावीतला मीटर ब्रिज आठवला. लाकडी पट्टीवर ताणलेली मीटरभर तार, त्यावर सरकवायची जॉकी, आणि काट्याचा गॅल्व्हानोमीटर. त्या प्रयोगात काट्यानं किती प्रवाह दाखवला हे कोणी विचारतच नाही. काटा मध्यावर आला की नाही, एवढंच बघायचं. एका बाजूच्या दोघांचं गुणोत्तर दुसऱ्या बाजूच्या दोघांइतकं झालं की काटा शांत. १८३३ साली सॅम्युअल ख्रिस्ती यांनी ही रचना मांडली आणि दहा वर्षांनी व्हीटस्टन यांनी ती लोकांपुढे आणली. नाव व्हीटस्टन यांचं राहिलं. आमच्या चार रझिस्टरांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? चौघांची किंमत तंतोतंत दहा हजार ओहम असण्याची गरजच नव्हती. दोन जोड्यांचं नातं सारखं हवं होतं. आणि त्यासाठी मीटर खरं बोलणारा नसला तरी चालतो, तो सगळ्यांशी सारखंच बोलणारा हवा. तेव्हापासून मला माझ्या मीटरबद्दल माया वाटू लागली.

पुढच्या वर्षीच्या सप्ताहात कर्ण्यांतून फक्त महाराज आले. ते थांबले तेव्हा पिंपळाची पानं ऐकू आली. एकदा त्यांनी श्वास घेतला तो सगळ्या गावानं ऐकला. मी शाळेच्या ओट्यावर ॲम्प्लिफायरशेजारी बसलो होतो. माझे हात गार पडले होते.

वडिलांना यातलं काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आयुष्यभर बैल जुळवले. आमच्याकडे लाल कंधारीची जोडी होती. त्यातला एक अचानक दगावला, तेव्हा उरलेल्याला जोडीदार मिळेपर्यंत वडील किती बाजार हिंडले! एकदा मी सोबत होतो. समोर उभा होता तो बैल माझ्या नजरेला देखणा होता. उंच, भरलेला, चमकत्या अंगाचा. वडिलांनी दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, त्याला वीस पावलं चालवलं आणि परत दिला. म्हणाले, "बैल चांगला हाय. पण आपल्याच्या जोडीचा न्हाई." शेवटी मिळाला तो थोडा डावा होता, पण पाऊल आमच्या बैलासारखंच टाकणारा. जो थोडाबहुत फरक उरला तो वडिलांनी जू सरकवून भागवला: दुबळ्या बैलाच्या बाजूची जुवाची भुजा लांब ठेवली, म्हणजे त्याच्या मानेवर ओढ कमी. आम्ही सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टरांच्या मध्ये जो छोटासा प्रीसेट बसवतो आणि पेचकसानं इकडेतिकडे फिरवतो, तो हेच करतो. पहिल्यांदा प्रीसेट फिरवताना मला जुवाच्या दोऱ्या सैल करणारे वडिलांचे हात दिसले होते.

पण सगळ्या जोड्या अशा नसतात. गावातले एक म्हातारे टाळकरी टाळ घेताना दुकानात तासभर बसत. एक हातात धरायचा, दुसरे एकेक करून त्याच्यावर वाजवायचे, कान जवळ न्यायचा. मला वाटायचं ते माझ्यासारखेच दोन सारखे शोधत असतील. विचारलं तर म्हणाले, "एकदम सारखे आले तर आवाज बसतो बाबा. जराशी डोलायला जागा पायजे." दोन जवळजवळच्या सुरांतला तो बारीक थरथराट, हवेत एक लाट येते-जाते तसा, त्यांना हवा होता. कुठे किती जुळवायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांच्या कानांना माहीत होतं. माझ्या वहीत अजून त्यासाठी रकाना नाही.

दोघांना शेजारी बांधून त्यांच्यातला फरक तेवढा मोठा करायचा, ही ट्रान्झिस्टरच्याही आधीची, दिव्यासारख्या व्हॉल्व्हच्या काळातली युक्ती. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३६ साली तिचं पेटंट मागितलं. डाव्या-उजव्या कानांना वेगळा आवाज देणारा स्टिरिओ १९३१ मध्ये मांडणारा माणूसही तोच. त्या रचनेला लाँग-टेल्ड पेअर म्हणतात, लांब शेपटीची जोडी. दोघांची मुळं खाली एकाच लांब शेपटीत बांधलेली असतात म्हणून. ७४१ चिपच्या पोटातही अशीच जोडी बसलेली आहे. फरक इतकाच, की चिपमधले ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच कपच्यावर एकाच वेळी, केसाएवढ्या अंतरावर घडलेले असतात. ते जन्मतःच जुळे. मग मी हातानं का जुळवतो, असं एका मुलानं मला विचारलं होतं. चिपनं काम होतं, हे खरं आहे. पण जोडी म्हणजे काय, ती का लागते, हे मला त्या शंभरांच्या ताटानं शिकवलं. तयार जुळ्यांनी ते कधी सांगितलं नसतं.

जोडी सापडल्यावरही काम संपत नाही. दोघांची सपाट तोंडं एकमेकांना टेकवून मी त्यांना तांब्याच्या पातळ पट्टीनं बांधतो. एकाला ट्रान्सफॉर्मरची ऊब लागली आणि दुसऱ्याला खिडकीचा वारा, तर ताटातला सारखेपणा डब्यात टिकत नाही. तापायचं तर दोघांनी मिळून तापायचं.

औंढ्याला जाताना मी आता दुधाळ्याच्या शिवाराकडे जरा जास्त वेळ बघतो. तिथे लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली. सोयाबीन आणि हळदीच्या या मुलखात एकमेकींशी काटकोनात दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. लेझरचा एक किरण दुभंगून दोन्ही भुजांत जाईल, टोकांच्या आरशांवरून परत येईल आणि दोघे भेटतील तेव्हा एकमेकांना पुसून टाकतील. काही घडत नसेल तर जवळजवळ अंधार. बारावीतला मध्यावर थांबलेला काटाच तो. आकाशातून गुरुत्वाची लाट गेली तर एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी आखडते, आणि त्या अंधारात थोडा उजेड फुटतो. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढं. त्यासाठी ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगतात, जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. आमच्या जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातली माणसं जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षं ऐकत आली आहेत. थरथर म्हणजे काय हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

पहिली लाट १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. जोडीच ती. तिचा कंप सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला. हे आकडे वाचले तेव्हा मी पेटीसमोर जाऊन बसलो. २५० हर्ट्झ म्हणजे पेटीच्या मधल्या पांढरी एकच्या जरा खाली. सुरुवात मात्र तिच्या मंद्राच्याही पार खालून. म्हणजे ती लाट कानाच्या टप्प्यात होती. माझा ॲम्प्लिफायर ती वाजवू शकला असता. वाटेत ५० हर्ट्झही लागला असणार. मंडपातल्या माझ्या घरघरीचा तोच सूर.

गोंगाटात पुरलेला असा सूर शोधायला आधी त्याचा साचा तयार ठेवतात आणि गोंगाटावर तो सरकवत बघतात, कुठे जुळतो का. त्या पद्धतीला मॅच्ड फिल्टर म्हणतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी असे साचे कसे निवडावेत याचं गणित १९९१ सालीच मांडलं होतं, पहिली लाट सापडायच्या चोवीस वर्षं आधी. न ऐकलेल्या आवाजासाठी इतकी वर्षं जुळवाजुळव करत बसणं! मला ती माणसं फार जवळची वाटतात.

एका गोष्टीवर मात्र माझं मन पुन्हा पुन्हा अडतं. सप्ताहातल्या तारांत मी दोघींना जे सारखं मिळालं ते टाकून दिलं आणि फरक ठेवला. वेधशाळेच्या दोन भुजांतही तेच. पण दोन वेधशाळा एकमेकींसमोर ठेवल्या की नियम उलटतो. एकीजवळून ट्रक गेला तर ती एकटीच हलते, ते टाकायचं. ३,००० किलोमीटरवरच्या दोघी ७ मिलिसेकंदांच्या अंतरानं सारख्याच हलल्या, म्हणून ते आकाशातलं ठरलं. तिथे सारखं तेच खरं. कधी सारखेपणा पुसायचा आणि कधी तोच जपायचा, याचा विचार करता करता माझे हात थांबतात आणि वहीतली एखादी नोंद राहून जाते.

औंढ्याच्या नागनाथाची कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि ऐकण्यासाठी देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचं नर्सी इथून फार लांब नाही. मी लहानपणी नंदी मागच्या बाजूला बघून वडिलांचा हात घट्ट धरला होता. ऐकण्यासाठी दगडाचं देऊळ फिरतं त्या गावाजवळ आता आणखी एक ऐकणारं घर बांधायचं ठरलंय, हे मला शुभ वाटतं.

माझ्याकडे एक एकटा आहे. बीएफडब्ल्यू १०, चकचकीत धातूच्या टोपीचा, चार पायांचा, फेट जातीचा ट्रान्झिस्टर. एका निवृत्त प्रयोगशाळा परिचर काकांनी दिलेला. वडिलांच्या वेळच्या तबकड्या वाजवायला मला प्रीॲम्प बांधायचा आहे; त्याला असे दोन लागतात, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. जोडीला आणलेल्यांपैकी कोणी ९ मिलिअँपिअर प्रवाह दाखवतो, कोणी १४. या जातीत ८ ते २० पर्यंत काहीही येतं. माझा ११.६ दाखवतो. तापला की किंचित उतरतो, म्हणून तीस सेकंद थांबून वाचायचा. पाच वर्षं तो छोट्या डबीत कापसावर पडून आहे. डबीवर मी 'उरलेला' असं लिहिलं होतं. मायनं एकदा झाडताना विचारलं, "याला कोणीच न्हाई का?" त्यानंतर मी ते खोडलं आणि नुसतं ११.६ लिहिलं.

काल हैदराबादच्या गुजराती गल्लीतून एक पुडी आली. वीस नग. मायनं सूप बाजूला सारलं, सतरंजी झटकली आणि न विचारता उठून पंख्याचं बटण बंद केलं. चौदा मोजून झालेत. जवळ आला तो एक ११.९ चा. डबी उघडी ठेवलीय. पंधरावा खाचेत खोवलाय आणि भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा नुकताच बारावरून पुढे गेलाय.